दिवा कोणत्या हातात

६ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही लेकीने वाढदिवसाला दिली. "बाबा, घरात बोलायला कुणी नाही, तर यात लिहीत जा." मी हो म्हणालो आणि गरम भांडं ठेवायला वापरत राहिलो. वहीचा पुठ्ठा जाड आहे, टेबलाला डाग पडत नाही.

आज पहिल्यांदा उघडली. कार्यालयात एक गोष्ट घडली आणि घरी आल्यावर ती सांगायला मी तोंडसुद्धा उघडलं. समोर रिकामी खुर्ची. तोंड मिटलं, वही उघडली.

गोष्ट अशी. आमच्या धर्मकोशाच्या नव्या आवृत्तीत आता 'द' चालू आहे. संपादकबाईंनी सकाळी नोंदींचं वाटप केलं. देवदूत एकाला, दैववाद दुसऱ्याला, आणि मग माझ्याकडे बघून त्या जरा थांबल्या. "दिवेवाली तुम्हाला दिली तर चालेल ना?" बाकीच्यांनी आपापल्या कागदांत डोकी घातली. आमची ही गेलं सव्वा वर्ष दिवेवालीच्या ठाण्यावर, त्या नदीकाठच्या देवस्थानात, जाऊन राहिली आहे, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हणालो, "न चालायला काय झालं? नोंद ती नोंद."

बरोबरच आहे. मी काही दुखावलेला माणूस नव्हे. हिला भक्तीची ओढ लागली, ही गेली. नवऱ्याने आडवं यावं असले दिवस आता राहिले नाहीत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नोंद अगदी सोपी आहे. कथा अशी की एका नावाड्याची नाव संध्याकाळी नदीत गेली ती परतली नाही. त्याची बायको रोज तिन्हीसांजेला दिवा घेऊन काठावर उभी राहू लागली. नवरा आला नाही, पण अंधारात चुकलेल्या इतर नावा त्या उजेडावर काठाला लागल्या. ती गेल्यावर लोकांनी तिची दगडी मूर्ती केली, ठाणं बांधलं, दिवा चालू ठेवला.

आता तज्ज्ञ काय म्हणतात? अशी बाई कधी झालीच नाही. हे प्रथम सांगितलं आमच्या क्षेत्रातल्या थोरल्या पंडितांनी. ते आता हयात नाहीत, पण कार्यालयात त्यांना अजूनही नुसतं 'थोरले' म्हणतात. त्यांचा मुद्दा मूर्तीच्या हातावर उभा आहे. त्या नदीकाठी पूर्वी एका जलदेवीची पूजा होई. तिच्या साऱ्या मूर्तींत उजव्या हातात वल्हं आणि डाव्या हातात दिवा. माणसांच्या मूर्तींत मात्र दिवा कायम उजव्या हातात. दिवेवालीचा दिवा डाव्या हातात आहे आणि उजवा हात मोकळा, म्हणजे वल्हं तेवढं कुणीतरी काढून टाकलं. जुन्या देवीलाच लोकांनी नवी कथा चिकटवली. पुस्तकात मूर्तीचं पानभर छायाचित्र आहे. दिवा डाव्या हातात, अगदी स्पष्ट.

त्यानंतर सगळ्यांनी तेच लिहिलं आहे. आमचा नियम असा की वादाच्या नोंदीवर तीन तज्ज्ञांच्या सह्या लागतात. तीन सह्या झाल्या की देवसुद्धा हलत नाही, असं आम्ही गमतीने म्हणतो. इथे तिन्ही सह्या आधीच्या आवृत्तीपासून तयार आहेत.

म्हणजे ही सव्वा वर्ष कुणासमोर दिवा लावते आहे? जी बाई कधी नव्हतीच तिच्यासमोर. हे हिला कोण सांगणार? मी तर नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा रविवारचा फोन. नेहमीचे प्रश्न: जेवलात का, गोळी घेतलीत का. मग म्हणाली, "आईने फोटो पाठवलाय, तुम्हाला देते. पहिल्यांदाच स्वतःचा स्वतः काढलाय."

ही हात लांब करून हसते आहे, मागे मूर्ती. चष्म्याची दांडी नवी दिसते. केस पिकलेत, रंग लावणं सोडलंय. बरं दिसतं. हसताना एक डोळा जास्त बारीक होतो तो तसाच.

मूर्तीचा दिवा डाव्या हातात. म्हणजे थोरल्यांचं म्हणणं ताज्या छायाचित्रानेही पक्कं झालं. अर्धा तास फोटो बघत होतो. मूर्तीचा अभ्यास नीट व्हायला हवा.

काहीतरी खुपतंय मात्र. फोटोत काहीतरी चुकलं आहे आणि काय ते सापडत नाही. प्रूफ वाचताना होतं तसं. पान बरोबर असतं आणि डोळा पुढे सरकत नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं.

सकाळी चहा घेत होतो. माझी जागा ठरलेली, खिडकी माझ्या डाव्या हाताला. ही समोर बसायची, म्हणजे खिडकी हिच्या उजव्या हाताला. ऊन आलं की हिच्या उजव्या गालावर पडायचं, आणि ओठाच्या जरा वर जो तीळ आहे त्यावर. ही म्हणायची, "पडदा ओढा हो, डोळ्यांवर येतंय," आणि मी ओढतो ओढतो म्हणत ओढायचो नाही.

फोटोत तीळ डाव्या गालावर आहे!

कार्यालयात अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीला विचारलं, "फोनमध्ये उजव्याचं डावं होतं का?" ती म्हणाली, "सेल्फीत होतं सर कधीकधी. आरशासारखा निघतो. फोनच्या सेटिंगवर असतं." कधीकधी म्हणजे कधी, ते तिलाही सांगता येईना.

म्हणजे तीळ उजव्या गालावर असेल, तर फोटो उलटा आहे. फोटो उलटा असेल, तर मूर्तीचा दिवाही उजव्या हातात. आणि तसं असेल तर थोरल्यांच्या पुस्तकातलं छायाचित्रही उलटं छापलं गेलं आहे. छापखान्यात निगेटिव्ह पालथी ठेवली की झालं काम. सारा डोलारा कोसळला!

संपादकबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इतक्या विद्वानांच्या विरोधात तुमचा पुरावा काय?"

"तीळ," मी म्हणालो.

बाई सभ्य आहेत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी तिळाची खात्री करा."

१५ फेब्रुवारी, गुरुवार

खात्री करणं वाटलं तितकं सोपं नाही. घरात हिचे फोटो नाहीत. कॅमेरा कायम हिच्याच हातात, त्यामुळे प्रत्येक फोटोत मी आणि लेक, मी आणि समुद्र, मी आणि कुणाचं तरी लग्न. आमच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत हिने मान इतकी खाली घातली आहे की फक्त भांग दिसतो. जुन्या ओळखपत्रावर चेहरा तिकिटाएवढा. त्यावरचा ठिपका तीळ की शाई, ते भिंगातूनही कळत नाही.

मग विचारायला सुरुवात केली. लेक म्हणाली, "डाव्या गालावर. थांबा हं... हो, डाव्याच." मेहुणे म्हणजे हिचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "डाव्या. का हो? तब्येत बरी आहे ना तुमची?" खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी मशीन न थांबवता म्हणाल्या, "डाव्याच की भावोजी. बायकोच्या तोंडावरचं आम्हाला विचारता?"

तीन सह्या झाल्या. माझी आठवण एकटी पडली. ज्या माणसाने उभा जन्म तज्ज्ञांच्या एकमतावर मान डोलावली, त्याने आता आपलंच घोडं दामटणं बरं नव्हे. मान्य केलं, तीळ डाव्या गालावर.

दिवसभर वाईट वाटत राहिलं. सकाळचं ते ऊन मग कुठे पडत होतं? इतकी वर्षं मी समोर बसून काय बघत होतो?

१७ फेब्रुवारी, शनिवार

शुद्ध गाढवपणा. तिघांनीही तोच फोटो बघून सांगितलं! लेक 'थांबा' म्हणाली ती फोटो उघडायला. मेहुण्यांना तो भाचीने पाठवला होता. वहिनींना तर मी स्वतःच दाखवला, परवा बटण लावायला गेलो तेव्हा. तीन साक्षी नाहीत, एकच साक्ष तीन तोंडांनी बोलते आहे.

हे लक्षात येताच हात शिवशिवले. कोशाच्या तिन्ही तज्ज्ञांना फोन लावले. "आपण मूर्ती पाहिली आहे का?" पहिले म्हणाले, "जाणं झालं नाही. पण थोरल्यांनी पाहिलीय ना." दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांनी पहिल्यांच्या लेखावर भिस्त ठेवली. तिसरे जरा चिडले. "सर्वमान्य गोष्टीसाठी नदी कोण ओलांडतो?" मग थोरल्यांचं पुस्तक पुन्हा काढलं. प्रस्तावनेत खाली बारीक टायपात आभार आहेत: मूर्तीचं छायाचित्र एका स्नेह्याने टपालाने पाठवलं, प्रकृतीमुळे स्वतः जाता आलं नाही.

कुणीच गेलेलं नाही. एकाने री ओढली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आणि वर मी शिक्का मारणार होतो.

माणसाने जाऊन बघायला हवं.

१८ फेब्रुवारी, रविवार

संपादकबाईंनी फोनवरच शनिवारची रजा दिली. म्हणाल्या, "मूर्ती बघायलाच जाताय ना?" मी म्हणालो, "अर्थात." प्रश्न मला जरा चमत्कारिक वाटला.

तयारी: मोजपट्टी, भिंग, कोरे कागद. हिचा जुना चष्मा खणात पडला होता, त्याची दांडी दुरुस्त करून आणली, जाता जाता देता येईल. नवा शर्ट स्वतः इस्त्री केला. संशोधनाला गबाळ्यासारखं जाणं बरं दिसत नाही. केसही कापून घेतले. न्हावी म्हणाला, "काही विशेष?" म्हटलं, "कार्यालयीन काम आहे."

२५ फेब्रुवारी, रविवार

काल जाऊन आलो. सगळं नीट लिहून ठेवतो.

बस नदीपर्यंत, पुढे नाव. पलीकडच्या काठावर दोरीवर चादरी वाळत होत्या आणि दोन चादरींच्या मधे ही उभी होती, ओल्या चादरीला पीळ देत. नाव काठाला लागायच्या आत मी गाल बघून घेतला.

उजवा. तीळ उजव्या गालावर. आहे तिथे आहे, होता तिथे आहे.

उतरताना एक पाय पाण्यात पडला. नाव हलत होती.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही?" आणि ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले.

"कामासाठी आलो," मी म्हणालो.

"कसलं काम?"

"मूर्तीचा हात बघायचाय."

"हात?" हिने हात पदराला पुसले. "बघा मग."

ठाणं म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. बाजूला वाटसरूंना उतरायच्या चार खोल्या, त्यांची सगळी व्यवस्था ही बघते. मूर्ती माझ्या कमरेएवढी, तेलाने काळी झालेली. दिवा उजव्या हातात! मी तिथल्या तिथे ओरडलो. मग हिला सगळं समजावून सांगितलं: थोरले, वल्हं, पालथी निगेटिव्ह, तीन सह्या. ही ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होती. पूर्वी मी जेवताना कार्यालयातलं सांगायचो तेव्हा बसायची तशी, हनुवटी गुडघ्यावर टेकून.

"म्हणजे ती खरंच होऊन गेली?"

"तसं सिद्ध होत नाही. पण होऊन गेली नाही हेही आता सिद्ध नाही." मला वाटलं, हिच्या डोळ्यांत पाणी येईल. एवढी मोठी भेट घेऊन आलो होतो.

ही हसायला लागली. "अहो, ती असली काय नि नसली काय! मी दिवा लावते तो पुजारीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत."

भक्त माणसं आपली भक्ती अशी लपवतात, हे मी कोशातच वाचलं आहे.

मग ही नदीकडे बघत म्हणाली, "इथले लोक सांगतात, ती हाक मारायची नाही. नुसती दिवा धरून उभी. मला पटत नाही ते. अंधारात भलत्या काठाला लागलेल्या माणसाला नुसता उजेड दिसून काय कळणार, कुणासाठी आहे तो? हाक नको मारायला?"

मी म्हणालो, "त्याला लेखी आधार नाही."

"नसेल," ही म्हणाली.

चष्मा दिला. हिने तो लावून बघितला, काढला, परत लावला. "दांडी बसवून आणलीत?" म्हणाली. मग विचारलं, "आणखी काही बघायचं राहिलंय का?"

"नाही, झालं," मी म्हणालो. हिचा चेहरा एकदम उतरला. दिवसभर चादरी धुतल्या होत्या, दमली असेल.

शेवटच्या नावेने निघालो. मधल्या प्रवाहात असताना मागे दिवा लागला. दिवा धरणारी बाई त्या अंतरावरून दिसत नाही, नुसता दिवाच दिसतो. मला एकदम इतकं भरून आलं की नावाड्याला म्हणावंसं वाटलं, फिरव बाबा नाव. पण बसचं परतीचं तिकीट खिशात होतं, आणि थांबायला सांगण्यासारखं काम उरलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

नोंद लिहून दिली. 'दिवेवाली ऐतिहासिक व्यक्ती होती की नाही, हे आज सांगता येत नाही. ती नव्हती असे ज्या पुराव्यावरून म्हटले गेले, तो पुरावा प्रत्यक्ष पाहणीत टिकत नाही.' सोबत मूर्तीचं मी काढलेलं चित्र, मापांसह.

संपादकबाईंनी दोनदा वाचली. मी जरा ताठ्यात म्हणालो, "आता सांगा, तज्ज्ञांच्या एकमतावर विश्वास कसा ठेवायचा? सगळा मेंढरांचा कळप."

बाई म्हणाल्या, "उगाच फुशारू नका. तुम्ही गेलात, पाहिलंत, लिहिलंत. मी हे तिघांना पाठवते. पटलं तर ते मत बदलतील आणि उद्या नवं एकमत होईल, तुमच्या नावाचं. परवा तेही कुणी खोडेल. एकमत वाईट नसतं हो. फक्त त्याच्या तळाशी कुणीतरी एक जण स्वतः जाऊन विचारून आलेला असावा लागतो. नाहीतर ती नुसती ऐकीव गोष्ट, कितीही जणांनी सांगितली तरी."

दुसऱ्या तज्ज्ञ बाईंचं उत्तर संध्याकाळीच आलं. 'लाज वाटली, आनंदही झाला. पुढच्या महिन्यात स्वतः जाते.' तिसऱ्यांनी कळवलं की मूर्ती कशीही असली तरी त्यांचं मत कायम आहे, कारणं ते नंतर कळवतील.

आनंद व्हायला हवा. घरी आलो, कुलूप काढलं, दिवा लावला, आणि बसून राहिलो.

४ मार्च, सोमवार

सकाळी मेहुण्यांचा फोन. मी ठाण्यावर जाऊन आलो हे लेकीकडून कळलं म्हणाले. मग नेहमीचा उपदेश. "भक्तिमार्गाला लागलेल्या माणसाला संसारात ओढू नये. तुम्ही मोठ्या मनाने सोडलंत, आता मोह नको."

मला त्या पुजारीणबाईंचे गुडघे आठवले. सहज विचारलं, "ही भक्तीसाठी गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे."

"तरी, आधी कुणी सांगितलं?"

"भाचीने. रडत होती बिचारी."

इतकी वर्षं हेच काम केलंय, हात थांबेना. लेकीला फोन लावला. तिला शिवणवाल्या वहिनींनी सांगितलं होतं. तेव्हा ती आईशी या विषयावर बोलली का? "नाही बाबा. आईच्या भक्तीबद्दल काय विचारायचं? वाईट वाटलं असतं तिला." खाली जाऊन वहिनींना विचारलं. वहिनींनी कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला घामच फुटला.

"भावोजी, तुम्हीच सांगितलंत. जिन्यात. म्हणालात, हिला भक्तीचा नाद लागला."

मी सांगितलं होतं. आणि मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

मग सगळं नीट आठवून बघितलं. ही टपाल कचेरीतून निवृत्त झाली. घरात तोंडाला तोंड लागेना. बोलेना कोण? मी. मी कोशात, कोश माझ्यात. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे नोंद मागवावी लागते," ही म्हणायची आणि मी हसायचो. एका मैत्रिणीबरोबर आठ दिवस हवापालट म्हणून नदीकाठी गेली. आठवड्याने फोन आला. "आणखी थोडे दिवस राहू का?" मी म्हणालो, "तुला हवं तसं." मग ही म्हणाली, "बरं." पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं, पुन्हा मी तेच म्हणालो. तिसऱ्यांदा हिने विचारलंच नाही.

त्या उत्तराचा मला अभिमान होता. किती समजूतदार नवरा! जिन्यात वहिनींनी विचारलं तेव्हा काहीतरी कारण द्यायचं म्हणून भक्तीचं दिलं. ते लेकीकडून मेहुण्यांकडे फिरून परत माझ्याकडे आलं, तोवर माझाही त्यावर विश्वास बसला होता. हिला एकानेही विचारलं नाही. मी समोर उभा राहून, हिचा तीळ डोळे भरून बघून, मूर्तीचा हात बघायला आलो म्हणालो.

आज कार्यालयात गेलो नाही.

१० मार्च, रविवार

फोन करायला सहा दिवस लागले. रोज हातात घ्यायचो, ठेवून द्यायचो. एक नोंद लिहिण्याआधी मी चाळीस पुस्तकं बघतो. इथे बघायला काहीच नव्हतं.

आज दुपारी केला. हिने उचलला. मागे भांड्यांचा आवाज.

"बोला. गोळी घेतलीत का?"

"मूर्तीचा हात बघायला नव्हतो आलो मी."

"मग?"

"तुझा तीळ बघायला आलो होतो. कुठल्या गालावर आहे तो."

भांडी थांबली. "इतक्या वर्षांत माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. तिघं जण डावा म्हणाले, मग खात्री वाटेना."

"आणि ऐकलंत त्यांचं?"

"ऐकलं."

"उंटावरचे शहाणे," ही म्हणाली. आवाज मात्र चिडका नव्हता. "हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो हो? मला विचारायचं."

"आता विचारतो. का गेलीस?"

हिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग ही अगदी हळू बोलली. "आठ दिवसांसाठीच गेले होते. तुम्ही 'पुरे आता, ये' म्हणाल, म्हणून थांबले. तुम्ही म्हणालात, तुला हवं तसं. मला काय हवं होतं, ते तुम्हाला ठाऊक असेल असं वाटायचं." जरा थांबून म्हणाली, "मीही दुसरं काय केलं म्हणा. नुसती दिवा धरून उभी राहिले."

साधा एका अक्षराचा शब्द. कोशात त्याला नोंदसुद्धा नाही.

"ये," मी म्हणालो. "घरी ये. मला करमत नाही तुझ्याशिवाय."

"आवाज तुटतोय. परत म्हणा."

फोनमध्ये काही बिघाड नव्हता, हे मला कळत होतं. मी परत म्हणालो. मग आणखी एकदा, मोठ्याने. खाली वहिनींचं मशीन थांबलं.

ही नाक ओढत हसली. "पुजारीणबाईंच्या गुडघ्यांची काहीतरी सोय लावायला हवी. नावाड्याची बायको लावेल दिवा, विचारते तिला. शनिवारपर्यंत होईल." मग म्हणाली, "मी एकटी येणार नाही हां. न्यायला या. आणि मोजपट्टी आणू नका."

शनिवारी पहिल्या बसने निघायचं. आज टेबल पुसून घेतलं. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग साचला होता, तो काढला. पडद्याची दोरी अडकत होती, तीही सोडवली. या वेळी ओढा म्हणाली की ओढायचा. मग थोड्या वेळाने हळूच सरकवता येईल.

या वहीत आता आणखी काही लिहावंसं वाटत नाही. शनिवारपासून ती पुन्हा गरम भांड्याखाली.